दोन रकाने आणि बापूमामा

बापूमामांकडे परदेश सहलीचा विषय काढायचाच असेल तर जेवणं आटोपल्यावर काढावा. आधी काढला की भात गार होतो. मामा घास हातातच धरून ठेवतात, चष्म्याच्या वरच्या कडेवरून समोरच्याकडे बघतात आणि म्हणतात, "त्याचं असं आहे..." एवढं कानावर आलं की मामी उठते आणि आमटीवर झाकण ठेवते.

विषय एकच. सिंगापूर की बँकॉक? मामांच्या निरोप समारंभात कुणीतरी बोलायचं म्हणून बोललं होतं, "आता काय, फिरणार असाल!" मामा म्हणाले, "एकदा बाहेर जाऊन यायचंय. सिंगापूर किंवा बँकॉक." त्या 'किंवा'त मामा जे मुक्कामाला गेले ते तिथेच राहिले. दरम्यान माझं लग्न झालं, मला मुलगा झाला, तो शाळेत जायला लागला. एकदा मी त्याच्याकडून आशियातल्या राजधान्या पाठ करून घेत होते. बँकॉक आलं तसा तो थांबला आणि गंभीरपणे म्हणाला, "पण त्याचं असं आहे..."

मामा स्थानिक निधी लेखापरीक्षा खात्यातले. नोकरीभर नगरपालिका आणि पंचायत समित्यांचे हिशेब तपासले. न झालेल्या रस्त्यावर रोडरोलरने किती डिझेल प्यायलं, पाणीपट्टीच्या पावतीपुस्तकातलं मधलंच पान कुठे गेलं, असल्या प्रश्नांपायी त्यांनी जिल्हे पालथे घातले. तिथे अर्धसमास नावाचा प्रकार असतो. कागद मधोमध दुमडायचा, एका बाजूला तपासणाऱ्याने शंका लिहायची, दुसऱ्या बाजूला कार्यालयाने खुलासा करायचा. मामांनी इतके कागद दुमडलेत की आता वर्तमानपत्रसुद्धा ते आधी उभं दुमडतात आणि मग वाचतात. सहलीसाठी त्यांनी लांबोडकी वही आणली, पानापानावर पट्टीने मधोमध रेघ मारली, डावीकडे 'सिं.' लिहिलं आणि उजवीकडे 'बँ.'. पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात 'श्री' आहे. तोही बरोब्बर रेघेवर. देवाचा कौल कुठल्याच बाजूला जायला नको.

ही वही मी वाचली आहे. घरातल्या फार थोड्या माणसांना हा मान मिळालाय. एका पानावर डावीकडे आहे, 'मर्लायनचा पुतळा : उंची ८.६ मीटर, वजन ७० टन, सन १९७२.' उजवीकडे, 'वाट फोचा बुद्ध : लांबी ४६ मीटर.' खाली लाल शाईत शेरा, 'एक उभा, एक पहुडलेला. तुलना ग्राह्य धरता येत नाही.' पुढच्या पानावर पाऊस. सिंगापूर विषुववृत्ताच्या अगदी कुशीत, तिथे पाऊस बारमाही आणि नोव्हेंबर ते जानेवारी जरा जास्तच. बँकॉकला मे ते ऑक्टोबर पाऊस, आणि नोव्हेंबरनंतर हवा कोरडी. कुणीही म्हणेल, चला, जानेवारीत बँकॉक. मामाही तसं म्हणाले. पण रात्री त्यांना झोप येईना. सकाळी उठून त्यांनी डावीकडे भर घातली, 'मात्र सिंगापूर येथे मेट्रोतून थेट दुकानांत जाता येते. छत्री उघडावी लागत नाही.' आणि मग शांतपणे चहा प्यायले.

घोरपडींचं प्रकरण तर मामी अजून सांगते. बँकॉकच्या मधोमध लुंपिनी नावाची मोठी बाग आहे. तिच्या तळ्यात माणसाएवढ्या लांब पाणघोरपडी आरामात फिरत असतात, लोक त्यांच्या शेजारून व्यायाम करत जातात. हे कळल्यावर मामांच्या मनात बँकॉकविषयी आक्षेप उभा राहिला. पण एकाच शहरावर आक्षेप काढायचा तर तो पूर्वग्रह झाला. म्हणून त्यांनी सिंगापुरात घोरपडी आहेत का याचा शोध घेतला. सापडल्या. सुंगेई बुलोच्या पाणथळीत सापडल्या, बागांमधून सापडल्या, शिवाय वर पाणमांजरांचे कळपच्या कळप भर शहरातल्या ओढ्यांतून फिरतात हेही निघालं. मामी सांगते, "घोरपड सापडल्यावर इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. तानाजीलासुद्धा झाला नसेल."

मामा तसे हौशी. कंजूष तर मुळीच नाहीत; पैसे बाजूला काढलेले होते, पासपोर्ट तयार होते. एकदा तर ते वापरलेच न जाता मुदत संपून नवे करावे लागले. नव्या पासपोर्टातल्या फोटोत मामा जुन्यापेक्षा जास्त अनुभवी प्रवासी दिसतात. घबराटही नाही त्यांना. त्यांचं दुखणं वेगळंच आहे, आणि ते मला भाऊबीजेमुळे कळलं.

आई आणि मावशी, दोघी नाशकातच. भाऊबीजेला मामा दुपारी एकीकडे आणि रात्री दुसरीकडे जेवतात, पुढच्या वर्षी उलट. मावशीकडे श्रीखंडाच्या दोन वाट्या झाल्या तर आमच्याकडे बासुंदीच्या दोनच. एका वर्षी आईने बोलण्याच्या नादात तिसरी वाटी वाढली आणि मामांनी बोलण्याच्या नादात ती संपवली. रात्रभर तळमळले. सकाळी मावशीच्या दारात हजर. "कालचं श्रीखंड उरलंय का गं?" उभ्या उभ्या एक वाटी खाल्ली आणि घरी आले. दोन दिवस पित्ताने आडवे होते, पण हिशेब जुळला होता. एकीला हो म्हटलं की दुसरीला नाही म्हटल्यासारखं होतं, हे त्यांना सोसत नाही. बहिणींचं ठीक आहे, पण हाच न्याय ते गावांनाही लावतात. सिंगापूरने त्यांचं काय वाकडं केलंय, की त्याला टाकून सरळ बँकॉकला जायचं?

उडप्याकडे गेलो की हेच. मेनूकार्ड वरून खाली, मग खालून वर. वेटर दोनदा पाणी ठेवून जातो. शेवटी साधा डोसा मागवतात आणि खाताना शेजारच्या टेबलावरच्या उत्तप्प्याकडे अपराधी नजरेने बघतात.

चौकशीत मात्र त्यांचा हात कुणी धरणार नाही. सोसायटीतलं कुणी त्या बाजूला जाऊन आलं की दुसऱ्या दिवशी सकाळी मामा वही घेऊन त्यांच्या दारात. आंघोळीला बादली मिळाली का? चहाला दूध खरं होतं की पुडीतलं? संडासात पाण्याची सोय काय? (या बाबतीत थायलंड आघाडीवर आहे. हाताने धरायचा फवारा तिथे सर्रास असतो. मामांनी त्या नोंदीखाली दोनदा रेघ ओढली आहे.) एकदा वरच्या मजल्यावरचे चार गृहस्थ कामानिमित्त बँकॉकला जाऊन आले. बायकांना नेलं नव्हतं. मामांनी जबाब घ्यायला सुरुवात केली.

"काय काय पाहिलंत?"

"देवळं. फारच सुंदर देवळं."

"कुठली?"

"सगळीच हो."

"वाट अरुण पाहिलं? नदीकाठचं?"

त्यांतला एक म्हणाला, "संध्याकाळी बंद असतं ना ते." आणि चौघेही एकदम चहाच्या कपात बघायला लागले. मामांनी वहीत लिहिलं, 'साक्षीदार चार. एकालाही देवळाचे नाव आठवत नाही. जबाब असमाधानकारक, फेरतपासणी आवश्यक.' फेरतपासणीला चौघांपैकी कुणीही घरी सापडलं नाही.

मामांच्या एका मित्राचा मुलगा सिंगापुरात नोकरीला होता. त्याने आपणहून फोन केला. "काका, या ना! घर आहे, गाडी पाठवतो, इथे महाराष्ट्र मंडळही आहे, सगळी आपलीच माणसं." वाटलं, आता तरी हलतील. मामांचा चेहराच पडला. "संपलं. आता सिंगापूरचा विचार करता येणार नाही." का? तर ज्याचं ऑडिट करायचं त्याच्या घरचा चहासुद्धा घ्यायचा नाही, हा त्यांचा नोकरीतला नियम. थर्मास आणि डबा घरून न्यायचे. एका नगरपालिकेत मुख्याधिकाऱ्यांनी कांदेपोहे पाठवले, वर खोबरं-कोथिंबीर, लिंबाची फोड, आणि मामांच्या पोटात कावळे. तरी बशी हाताने बाजूला सारली. कारकून सांगायचे, त्या पोह्यांकडे साहेबांनी जसं पाहिलं तसं आमच्या कॅशबुकाकडे पाहिलं असतं तर आम्ही वाचलो नसतो. सिंगापूरच्या रकान्यात 'तपासणी स्थगित' असा शेरा पडला, तो मित्राच्या मुलाची ऑस्ट्रेलियाला बदली झाल्यावरच उठला.

सरकारांनीही आपापल्या परीने मदत करून पाहिली. २०२३च्या नोव्हेंबरात थायलंडने भारतीयांना व्हिसा माफ केला. आम्ही सगळ्यांनी मामांना फोन केले. मामा म्हणाले, "हं. फुकट देतायत, म्हणजे काहीतरी मेख असणार." उलट सिंगापूर व्हिसाचे पैसे घेतं, अधिकृत एजंटामार्फत अर्ज करायला लावतं, फोटोची मापं ठरवून देतं. मामांच्या मनात सिंगापूरविषयी आदर वाढला. "कागदपत्रं मागतात. शिस्त आहे." पण आदर वाढला म्हणजे झुकतं माप झालं, आणि ते उतरवायला मामांनी सिंगापूरच्या घड्याळाला हात घातला. नकाशात दोन्ही शहरं जवळजवळ एकाखाली एक आहेत, मग बँकॉकचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास आणि सिंगापूरचं अडीच तास, हे कसं? खोदकाम करता करता ते १९८२ पर्यंत गेले. त्या साली मलेशियाने आपलं घड्याळ अर्धा तास पुढे सरकवलं, आणि शेजाऱ्याबरोबर राहायला सोयीचं म्हणून सिंगापूरनेही. "म्हणजे तिथे सकाळी सातपर्यंत उजाडत नाही! मी साडेपाचला फिरायला जाणारा माणूस. अंधारात चाचपडत जाऊ?" मामी म्हणाली, "साडेपाचला नाशकातही अंधारच असतो." मामा म्हणाले, "तो आपला अंधार आहे."

बँकॉकच्या ज्या गोष्टीने मामा मनापासून हलले ती वाट त्राइमितची. तिथे प्लास्टरने लिंपलेला एक मोठा बुद्ध होता, कुणी फारसं लक्ष न दिलेला. १९५५ साली त्याला नव्या जागी हलवताना तो खाली आदळला, प्लास्टरचा टवका उडाला आणि आत पिवळंधमक दिसलं. साडेपाच टन सोनं! शत्रूच्या भीतीने पूर्वी कुणीतरी ते लिंपून ठेवलं असावं आणि पुढे सांगणारं कुणी उरलं नसावं. ही हकीकत ऐकून लोक नमस्कार करतात. मामा खुर्चीतून उठून फेऱ्या मारायला लागले. "अगं, साडेपाच टन सोनं! आणि डेडस्टॉक रजिस्टरला नोंद काय? प्लास्टर! जवळजवळ दोनशे वर्षं कुणी प्रत्यक्ष पडताळणी केली नाही!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. बुद्धासाठी की ऑडिटसाठी, सांगता येणार नाही.

मामी या सगळ्यात स्वयंपाकघरातून ये-जा करत असे. सिंगापूरच्या विमानतळावर ४० मीटर उंचीचा धबधबा आहे, काचेच्या घुमटाखाली, हे मामांनी मोठ्या कौतुकाने वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "विमानतळावरच धबधबा? मग गावात काय ठेवलंय? आणि पावसाळ्यात सोमेश्वरला जाऊन बसा की. वर कणीसही मिळतं." तिला काय हवंय हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. मामांच्या वहीत रकाने दोनच, मामीचा नव्हता.

माझ्या नवऱ्याने एकदा धाडस केलं. सगळे प्रवासवाले विकतात ती सिंगापूर-मलेशिया-थायलंडची एकत्र सहल त्याने सुचवली. "मामा, दोन्ही होतील. प्रश्नच मिटला." मामा बराच वेळ गप्प होते. मग हळूच म्हणाले, "जावईबापू, मलेशियाचं काय? क्वालालंपूरचा अभ्यास कुठे झालाय?" आणि चप्पल घालून तीन रकान्यांची वही आणायला निघाले. मामीने त्या दिवशी घरातली पट्टी लपवून ठेवली. ती अजून सापडलेली नाही.

मग एका दुपारी मला मामीचा फोन आला. आवाज दबका. पलीकडे मामांचं घोरणं ऐकू येत होतं.

"काढून टाक तिकिटं. जानेवारीची. बँकॉकची."

"मामी, बँकॉकच का?"

"तिथे फुलबाजार आहे म्हणे. रात्रभर चालतो. झेंडूच्या राशी, मोगऱ्याचे हार. मला बघायचाय."

पाक ख्लोंग तलातचा बाजार. मामांच्या वहीत त्याची एक ओळ होती, पान उलटता उलटता मामीला दिसली होती. मी म्हटलं, सिंगापूरला बोटॅनिक गार्डनमध्ये ऑर्किडची केवढी बाग आहे, जागतिक वारसा आहे तो. मामी म्हणाली, "बागेत 'हात लावू नये' लिहिलेलं असतं. मला बाजार बघायचाय." मग जरा थांबून, आणखी हळू आवाजात, "आणि हे बघ, पैसे परत मिळत नाहीत ना, तसली तिकिटं काढ."

संध्याकाळी मी मामांना कळवलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"रद्द केली तर परतावा?"

"शून्य."

मामी सांगते, त्यांनी फोन खाली ठेवला, भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे थोडा वेळ पाहिलं आणि दुसरा कप चहा मागितला. संध्याकाळी दुसरा कप मामा कधी घेत नाहीत. नंतर वही काढून 'बँ.'खाली लिहिलं, 'निकाली.' 'सिं.'खाली लिहिलं, 'प्रलंबित.'

एकदा निकाल लागल्यावर तयारीत कसूर नाही. बँकॉकला राजवाड्याजवळ एक जुना खेळ चालतो. सभ्य कपड्यांतला एक गृहस्थ हसत पुढे येतो, म्हणतो, राजवाडा आज बंद आहे, पूजा आहे. पण हा टुकटुकवाला तुम्हाला अगदी स्वस्तात दुसरी देवळं फिरवेल. आणि टुकटुक जाऊन थांबते रत्नांच्या दुकानापुढे. राजवाडा अर्थातच उघडा असतो. मामांनी याची रंगीत तालीम सोसायटीच्या वॉचमनबरोबर केली. वॉचमनने "साब, पॅलेस बंद है" म्हणायचं आणि मामांनी "नो, थँक यू, एट-थर्टी टू थ्री-थर्टी" म्हणून पुढे जायचं. वॉचमन दोन दिवसांत इतका रंगला की सोसायटीत येणाऱ्या प्रत्येकाला लिफ्ट बंद असल्याचं सांगायला लागला.

दोघं जाऊन आली. हकीकत मी नाशकात त्यांच्याच दिवाणखान्यात ऐकली. मामी सांगत होती, मामा दुरुस्त्या करत होते.

राजवाड्यापाशी पहिल्या दिवशी कुणी भेटलंच नाही. मामा नाराज. दोघं आत गेली, भिंतींवर रामायण रंगवलेलं पाहिलं, एकूण १७८ चित्रं. मामांनी मोजायला घेतली होती, मामीने ओढून पुढे नेलं. तिथला हनुमान ब्रह्मचारी नाही. त्याची लंकेतही प्रकरणं आहेत आणि एका जलपरीशीही. गाईडने हे हसत हसत सांगितल्यावर मामी भजनी मंडळाच्या आठवणीने कासावीस झाली. पाचूच्या बुद्धाचा पोशाख मात्र राजा स्वतः वर्षातून तीनदा ऋतूप्रमाणे बदलतो, हे तिला फार पटलं. "देवाला उकडत नसेल का?" मग बाहेर पडून मामा उन्हात उगाच फाटकाबाहेर रेंगाळत राहिले. कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी वाट फोला जाताना त्याच भिंतीकडेने चालले होते. आणि एक सभ्य गृहस्थ हसत पुढे आला. "सर, पॅलेस क्लोज्ड टुडे."

"आला!" मामा ओरडले. दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. मामी म्हणते, "माझ्या माहेरचं माणूस दारात आलं तर यांना इतका आनंद कधी झाला नाही." तालमीतलं एट-थर्टी वगैरे राहिलं बाजूला, मामांनी थेट तपासणी सुरू केली. विच शॉप? टुकटुकवाला तुमचा कोण? टुडे ओन्ली सवलत, बरोबर ना? आणि मग, अगदी आपुलकीने, "व्हॉट इज युवर कमिशन?" त्या बिचाऱ्याचं हसू हळूहळू मावळलं. तो एक पाऊल मागे सरला, मग दोन, आणि शेवटी टुकटुक तिथेच टाकून गर्दीत नाहीसा झाला.

"थांबला असता तर सगळं निघालं असतं," मामा म्हणाले.

फुलबाजारात मामी मध्यरात्रीपर्यंत होती. तिथल्या बायकांशी ती मराठीत घासाघीस करत होती, त्या थाईत, आणि दोघींच्या मध्ये कॅल्क्युलेटर. मोगऱ्याच्या हारांत हात घालून बसलेल्या मामीचा फोटो आहे. कोपऱ्यात मामा, पिशव्या सांभाळत, दमलेले. पण मामीची खरी तक्रार दुसरीच. "हे बँकॉकला आलेच नाहीत गं. आले ते सिंगापूरची वकिली करायला." फूटपाथ उखडलेला दिसला, की सिंगापूरला असं नसतं. टुकटुकवाल्याने भाव वाढवला, की सिंगापूरला मीटर असतो. नदीतल्या नारिंगी झेंड्याच्या बोटीत धक्के बसले, तेव्हा तर मामांनी सिंगापूरच्या मेट्रोवर पाच मिनिटं व्याख्यान दिलं. शेजारी साताऱ्याकडचा एक घोळका बसला होता. त्यातल्या एका आजींनी आदराने विचारलं, "भाऊ, सिंगापूरला लई वर्षं होता काय?"

"अजून जायचंय," मामा म्हणाले.

"हे सगळं लांबतंय," मामा मध्येच म्हणाले. "वाट फोचं सांग." आणि चेहऱ्यावरून दिसत होतं की ते त्यांना सांगायचं नव्हतं, पण सांगितल्याशिवाय राहवतही नव्हतं.

त्या ४६ मीटरच्या बुद्धाच्या पाठीमागच्या बाजूला भिंतीलगत १०८ वाट्या ओळीने मांडल्यात. तिथेच पैसे देऊन सुट्या नाण्यांचं भांडं मिळतं. प्रत्येक वाटीत एकेक नाणं टाकत जायचं, टिण् टिण् आवाज येतो, माणूस शांत होतो. मामाही होत होते. शेवटच्या वाटीपाशी पोचले आणि नाणी संपली. एक वाटी रिकामी. मामा परत भांडं मिळतं तिथे गेले आणि खुणेने सांगितलं, एक कमी आहे. तिथल्या बाईंनी हसून एक नाणं पुढे केलं. फुकट! मामांनी ते पोह्यांच्या बशीसारखं बाजूला सारलं आणि पैसे मोजून नवं भांडं घेतलं. त्यातलं एक नाणं शेवटच्या वाटीत पडलं, हिशेब पुरा झाला. पण भांडं तर भरलेलं. उरलेल्या नाण्यांचं काय? एकाच वाटीत कशी टाकायची, बाकीच्या १०७ वाट्यांनी काय केलंय? म्हणून मामा पुन्हा पहिल्या वाटीपासून निघाले. या खेपेला नाणी अलीकडेच संपली. आता काही वाट्यांत दोन दोन आणि काहींत एकच. मामा तिसरं भांडं आणायला गेले.

मामी तोवर बुद्धाच्या पावलांशी, शिंपल्यांची नक्षी बघत, गुडघे चोळत उभी होती. तिसऱ्या फेरीच्या मध्यावर तिने येऊन मामांच्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि सगळीच्या सगळी नाणी समोरच्या वाटीत ओतली. खळ्ळकन आवाज झाला. पुढचे मागचे प्रवासी वळून बघायला लागले.

मामांचा घसा हे आठवूनही दाटून आला होता. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तूच सांग. १०८ वाट्या. त्यांतली हीच का? काही निकष? काही आधार?"

"जवळ होती," मामी म्हणाली.